कांद्याचा वास

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा ओठांआडच ठेवलं. तुम्ही समोर बसला आहात म्हणून — नाही, तसंही नाही. आता पोटात ठेववत नाही, एवढंच.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. आगाशीला आमच्या वाडीशेजारी नाना सुकेळीचं काम करायचे. पिकली राजेळी केळी सोलायची, चटयांवर उन्हात वाळवायची, उलटायची, संध्याकाळी गोळा करायची. कामाला आम्ही बायकाच. पावसाळा सरला की त्या अंगणात सगळं पिवळं व्हायचं — ऊन, केळी, आमची बोटं. वास असा, की बसल्या जागी गुंगी यावी. अजून दुपारी पडल्या पडल्या तो वास मला येतो. खरंच येतो, की मीच त्याला बोलावते?

फिलू तिथे माझ्या जोडीला होती. अर्नाळ्याची, कोळ्यांची मुलगी, माझ्याच वयाची, भारी हसरी. तिला फिट यायच्या. त्यापायी आधीच्या कामांवरून काढलेली. नानांनी मात्र ठेवून घेतलं. "विळी नको, चूल नको, बाहेर राखणीला बस," म्हणाले, आणि सोबतीला मला दिलं. कावळे-शेळ्या हाकायच्या आणि मी फिलूवर लक्ष ठेवायचं. दुपारी आळीपाळीने डुलकी काढायची मुभा होती. फिट आलीच तर तिला कुशीवर वळवायचं, कांदा फोडून नाकाशी धरायचा — तेव्हा सगळे तेच करायचे. माझ्या कनवटीला कायम एक कांदा असे. शुद्धीवर आल्यावर फिलूला काही म्हणजे काही आठवत नसे. त्या वासावरूनच तिला कळायचं, की येऊन गेली.

मग डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडल्या. अख्खा पावसाळा एकही फिट नाही. कशी चालायची ती तेव्हा! बंदरावर एकटी जाऊन मासळी आणायची. नाना म्हणाले, "नाताळानंतर हिला आत घेतो, बांधणीला." केळीच्या वाळल्या पानात सुकेळी बांधायचं काम मानाचं. फिलूने ते सगळ्या अर्नाळ्याला सांगितलं.

त्या दुपारी झोपायची पाळी तिची होती. ती चटईच्या कडेला तोंडावर पदर घेऊन पडली. सुरूच्या झाडांतून वारा येत होता, आणि मी — मी जागीच होते, असं मला वाटत होतं. सगळं अंगण संथ पाण्यासारखं हलत होतं, त्यात केळी तरंगत होती... डोळे उघडले तेव्हा चटयांवर शेळ्या होत्या. सुकेळी तुडवलेली, मातीत गेलेली. फाटकातून नाना ओरडत येत होते.

काय करायला हवं होतं? म्हणायचं होतं, नाना, माझा डोळा लागला. बोलणी बसली असती. कदाचित काम गेलं असतं. आणि मी काय केलं? कनवटीचा कांदा काढला, दगडावर फोडला, आणि फिलूच्या नाकाशी धरला.

ती नुसती झोपली होती हो. गाढ, शांत.

नाना थबकले. आवाजच उतरला त्यांचा. फिलूने डोळे उघडले, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "मना आयलेली काय गो?"

मी होकाराची मान हलवली.

नाना तिच्यावर रागावलेही नाहीत. "तुला काही झालं तर तुझ्या आईला काय सांगू?" म्हणाले, आणि तिला घरी पाठवलं ते कायमचं. मला म्हणाले, तू होतीस म्हणून बरं. नाताळानंतर बांधणीला मला घेतलं. मी गेले. लाज नाही वाटली का? वाटली. तरी गेले.

फिलूला पुढे कुणी कामावर ठेवलं नाही. ती बंदरावरही एकटी जाईनाशी झाली, असं ऐकत होते.

काही वर्षांनी एका लग्नात भेटली. बायकांच्या घोळक्यात बसून त्या दुपारची फिट सांगत होती. "डोल्यांपुडं सगला पिवला पिवला झाला, वारा आयला, नि मी गेली." कधीची कुठलीच फिट तिला आठवत नसे. ही मात्र आठवत होती. बायका माझ्याकडे वळल्या, कारण मी तिथे होते ना.

मी म्हणाले, हो, अगदी असंच झालं होतं.