पाणी न पिणारी चैताली

माझी बायको चैताली पाणी पीत नाही, म्हणून मी तीन वर्षं तिच्यावर चिडत आलो. लोकांच्या घरी दारू सोडवण्यासाठी भांडणं होतात. आमच्याकडे पाणी प्यावं म्हणून व्हायची, आणि दर वेळी मीच हरायचो.

बुधवार पेठेत शाळा-कॉलेजच्या पुस्तकांचं एक दुकान आहे. तिथे ती एकोणीस वर्षं काउंटरवर उभी आहे. आठवीचं भूगोलाचं गाईड कुठल्या फळीवर, हे ती डोळे मिटून सांगेल. सकाळी नऊला कात्रजहून बस पकडते, घरी येते ती रात्री साडेआठला. आल्याआल्या मात्र माठातले तीन पेले घटाघटा पिते. तेव्हा माझं डोकं आणखी फिरायचं. म्हणजे तहान लागते तर.

पहिला मुतखडा सहा मिलिमीटरचा होता. तिला दोन दिवस फरशीवर लोळवून तो आपोआप पडला. शेजारच्यांनी कुळथाचं कढण सांगितलं, तिच्या आईने पानफुटीची पानं आणून दिली. तिने सगळं निमूट घेतलं, पाणी तेवढं वाढवलं नाही. यंदा फेब्रुवारीत दुसरा खडा मध्येच अडकला आणि दुर्बिणीने काढावा लागला. डॉक्टर सुरुची मॅडम म्हणाल्या, "दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी, तेही दिवसभर थोडं थोडं. रात्री एकदम ढोसून चालणार नाही. असंच चाललं तर पुढच्या वेळी किडनीला धोका आहे."

मी त्याच दिवशी दीड लिटरची बाटली आणली. तिच्यावर वेळा छापलेल्या होत्या, दहा वाजता इथपर्यंत, बारा वाजता तिथपर्यंत. रात्री बाटली जशीच्या तशी परत यायची.

"ही काय फिरायला नेतेस का?" मी विचारायचो.

"गडबडीत राहून जातं हो," ती म्हणायची.

मार्चमध्ये बाटली रिकामी यायला लागली. मी खूश झालो, सासूबाईंना फोन करून सांगितलंसुद्धा. मग एका रात्री मी नेहमीपेक्षा लवकर घरी होतो. दाराबाहेरच्या कुंडीत ती बाटली ओतत होती. म्हणजे आमच्या मोगऱ्याला मुतखडा होण्याची भीती उरली नव्हती. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

एप्रिलमध्ये पुन्हा सोनोग्राफी केली. उजव्या बाजूला नवा खडा दिसला, लहानसा. रिपोर्ट माझ्या हातात पडला आणि मी अर्धी रजा टाकून थेट तिचं दुकान गाठलं. खरं सांगायचं तर चारचौघांत तिला लाज वाटावी, हाच हेतू होता. इतकी वर्षं मी त्या दुकानात कधी आत पाऊल टाकलं नव्हतं.

चैताली एका बाईंना पुस्तकं दाखवत होती. मालक अवधूतराव मला ओळखत नव्हते. "बसा ना आपण," ते अदबीने म्हणाले. वाटेत उसाच्या रसाचा मोठा ग्लास प्यायलो होतो, त्यामुळे बसवेना. मी विचारलं, "इथे टॉयलेट आहे का हो?"

"आहे ना." त्यांनी गल्ल्याशेजारच्या खिळ्यावरची किल्ली काढून दिली. "जिना चढून डावीकडे. सावकाश जा, पायऱ्या उंच आहेत."

स्वच्छ होतं. पांढऱ्या फरशा, नळाला पाणी, कोपऱ्यात साबण. खाली आलो तेव्हा त्या बाई गेल्या होत्या. मी चैतालीसमोर रिपोर्ट आपटला आणि म्हणालो, "वर इतकी चांगली सोय आहे, आणि तुला पाणी प्यायला काय होतं?"

तिने रिपोर्ट पाहिला. मग हळूच विचारलं, "आत कसं आहे?"

मला प्रश्नच कळला नाही.

"वरचं गिऱ्हाइकांसाठी आहे," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आम्ही सात बायका. सारख्या वर-खाली करायला लागलो तर काउंटर कोण बघणार?"

"मग तुम्ही जाता कुठे?"

"जावं लागू देत नाही."

माझ्या ऑफिसात टॉयलेट माझ्या टेबलापासून बारा पावलांवर आहे. मी दिवसातून पाच वेळा जातो. तिला मी आळशी म्हटलं, खोटारडी म्हटलं, पण एवढं साधं कधी विचारलं नाही. माझी मलाच चीड आली. किल्ली अजून माझ्याच हातात होती. ती मी तिच्यापुढे ठेवली.

"चैतालीताई," गल्ल्यावरून अवधूतराव म्हणाले, आवाज अजिबात न चढवता, "आपल्याला माहीत आहे ना, ती गिऱ्हाइकांची आहे."

बाकीच्या बायकांचे हात थांबले. चैतालीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग फळीखालून बाटली काढली आणि उभ्या उभ्या, न थांबता, बारा वाजताच्या रेघेपर्यंत पाणी प्यायली. पर्समधून पाचचं नाणं काढलं, ते गल्ल्यावर मालकांपुढे ठेवलं.

"एक पेन्सिल द्या," ती म्हणाली.

आणि किल्ली घेऊन जिना चढायला लागली.