आक्काची फांदी

घटाच्या माळेला फुलं हवीत म्हणून सुनेला घेऊन पालीच्या धरणाकडं गेले. तरवडाच्या पिवळ्या फुलांचा उग्र वास बोटांना लागला आणि आक्का मागं उभी असल्यागत वाटलं.

माझी थोरली बहीण. लग्नानंतर पहिल्यांदाच नवरात्राला माहेरी आलेली. तेव्हा दोघी अशाच तरवड तोडत होतो; मी शेवटच्या फांदीला हात घातला, तसं तिनं माझं मनगट धरलं.

"ही ऱ्हाऊ दे. फुडल्या साली मी येते तोडायला."

दसऱ्यानंतर ती नवऱ्यासोबत ऊसतोडीला गेली आणि तिकडंच वारली.

तेव्हा मला ती मनगटावरची पकड दटावणी वाटली होती. आता वाटतं, आक्का तेव्हाच खचली होती, माझ्या आधारानं उभी होती.

"एक फांदी कावून सोडली, आत्या?" सून विचारते.

"असू दे," म्हणते, आणि मागं न बघता निघते.