चव बघण्यापुरतं

'मंगळवार, ४ मार्च. सव्वापाचला दोघे उठलो. यांची आसने चाळीस मिनिटे. उपाशीपोटी साखर १५२. न्याहारी: ओट्स साठ ग्रॅम, साय काढलेले दूध. घड्याळाला किल्ली दिली. यांनी चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. फुटला. निळ्या फुलांचे आता चार राहिले.'

कप का फुटला हे तिने लिहिले नाही, कारण ते तिला ठाऊक नव्हते. शाळेतल्या सिस्टरांनी डायरी लिहायला शिकवताना बजावले होते, घडले ते लिहा, वाटले ते नको. चव्वेचाळीस वर्षे तिने ते पाळले होते.

तिच्या नवऱ्याला सगळे भट्टीवाले म्हणत. बिस्किटांच्या कारखान्यात एकतीस वर्षे त्यांनी भट्टी सांभाळली. बाकीचे कारागीर घड्याळ बघून ट्रे बाहेर काढत. भट्टीवाले दार किलकिले करत, दिव्याच्या उजेडात एक नजर टाकत आणि 'अजून' किंवा 'काढा' एवढेच म्हणत. बिस्किटाचा काठ मधाच्या रंगाचा हवा आणि मधला भाग फिकट, हे त्यांच्या डोळ्यांत बसले होते. घड्याळावर बिस्किटे भाजतो तो कारकून, असे ते म्हणायचे. निवृत्तीला दोन वर्षे राहिली होती, आणि शेवटच्या दिवशीही आपल्याच नजरेने ट्रे निघावा, एवढी एकच हाव त्या माणसाला होती.

साखर निघाली तेव्हा डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, आहाराचा तक्ता दिला आणि योगवर्गाचा पत्ता दिला. तक्ता तिने स्वयंपाकघरात चिकटवला नाही. एका जाड वहीत तो उतरवून काढला, रकाने आखले आणि एक काटा विकत आणला. भात मोजून, डाळ मोजून, सफरचंद अर्धे. भट्टीवाले ताटाकडे बघून म्हणाले, "अगं, हे जेवण आहे की औषधाची पुडी?" पण पानात टाकले काही नाही. पहाटे तेच तिला उठवू लागले. योगवर्गातले निवृत्त पोस्टमास्तर सहा महिन्यांत निम्म्या गोळ्यांवर आले, तेव्हा भट्टीवाल्यांना चेव चढला. वर्गाच्या बाईंनी पहिल्या दिवशीच प्रत्येकाला डोळ्यांचे, रक्तदाबाचे विचारले होते. भट्टीवाल्यांनी 'ठणठणीत' असे सांगितले आणि वर्षभरात ते शीर्षासनापर्यंत पोहोचले. साठीच्या घरातला माणूस भिंतीचा आधार न घेता डोक्यावर उभा राहतो, याचे तिला कौतुक होते. तेही तिने लिहिले नाही. फक्त मिनिटे लिहिली.

तरी तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा खाली येईना. आधी ८.६, मग ८.९. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता इन्सुलिन सुरू करू. भट्टीवाल्यांचा चेहरा पडला. तिने पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली.

"मी काटा घेऊन वाढते, डॉक्टर. एक घास चुकलेला नाही."

डॉक्टरबाईंनी पाने उलटली. इतकी नेटकी वही त्यांनी बहुधा पाहिली नसावी. त्यांनी गोळी वाढवली, आणखी तीन महिने दिले आणि डोळे तपासून घ्यायला सांगितले. पुढच्या खेपेलाही तसेच झाले. वहीने दोनदा मुदत मिळवून दिली. डोळ्यांचे विचारले तेव्हा भट्टीवाल्यांनी चष्म्याच्या दुकानाची चिठ्ठी दाखवली होती. घरी येताना ते तिला म्हणाले होते, "वकील व्हायला हवी होतीस."

कप फुटला त्याच मंगळवारी ते डबा विसरून गेले. ती बसने कारखान्यापर्यंत गेली. भट्टीच्या दालनाबाहेर बायका बिस्किटे पुड्यांत भरत होत्या. त्यांच्यातली सगळ्यात थोरली तिला ओळखत होती. डब्याकडे बघून ती हसली.

"काकू, उगाच आलात. साहेबांचं पोट इथंच भरतं. हल्ली दातांनीच भट्टी चालवतात ते."

काचेच्या दारातून ती बघत राहिली. ट्रे अर्धा बाहेर ओढला गेला. भट्टीवाल्यांनी दिव्याकडे पाहिलेच नाही. कडेचे एक बिस्किट मोडून तोंडात घातले, मधले एक मोडून तोंडात घातले, डोळे मिटून चावले आणि म्हणाले, "काढा." दुसऱ्या ट्रेला तेच. तिसऱ्याला मधले कच्चे लागले असावे, त्यांनी ट्रे परत आत ढकलायला लावला आणि थोड्या वेळाने पुन्हा दोन मोडली. दिवसाला किती ट्रे निघतात हे तिने कधी विचारले नव्हते. थोरलीला विचारले. साठ-सत्तर, ती म्हणाली.

डबा तिथेच ठेवून ती फाटकापाशी थांबली. पाळी सुटल्यावर ते बाहेर आले आणि तिच्या शेजारून पुढे निघाले. तिने हाक मारली तेव्हा थबकले.

"तू होय. इकडे कुठे?"

बसस्टॉपच्या बाकावर तिने त्यांना सरळ विचारले, तुम्ही रोज किती बिस्किटे खाता?

"खातोय कुठे? चव बघतो. कामाचं आहे ते."

"गिळता ना?"

"पूर्वी थुंकायचो. आता बायका असतात समोर. बरं दिसत नाही."

त्यांच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, आणि तिला तेच सहन होईना. जे ताटात वाढले जाते ते खाणे आणि जे ट्रेमधून उचलले जाते ते काम, असा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का होता. तिच्या वहीतही तोच होता. तिने ताटाचे रकाने आखले होते. ट्रेचा रकाना तिला कधी सुचलाच नाही.

"आणि रंग? रंग कधीपासून दिसत नाही?"

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग सांगितले, दीड वर्ष. आधी काठ धूसर झाला. मग एका डोळ्यापुढे काजळीचे धागे तरंगू लागले. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असे त्यांनी स्वतःला समजावले. नजर दगा देते आहे हे मालकाला कळले असते तर दुसऱ्या दिवशी भट्टीवर घड्याळ लागले असते. म्हणून जिभेवर काम निभावले. नजर जितकी अधू, तितकी बिस्किटे जास्त.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू लिहून ठेवलं असतंस," ते म्हणाले. मग म्हणाले, "केस पांढरे झाले म्हणून कुरकुरत असतेस. खरं सांगू, मला काळेच दिसतात." त्यांना वाटले, ती हसेल.

बुधवारी इन्सुलिन सुरू झाले. तीन महिन्यांचा आकडा १०.४ आला होता. गुरुवारी नेत्रतज्ज्ञांनी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून दोन्ही डोळे तपासले. नाजूक रक्तवाहिन्या फुटून आत रक्त उतरले होते, एका डोळ्याचा पडदा ताणला गेला होता. लेझर करू, इंजेक्शने देऊ, आहे तेवढे राखता आले तर बघू, असे ते म्हणाले. डोके खाली जाईल असे एकही आसन आता नको. शीर्षासनाचे ऐकून त्यांनी पेन खाली ठेवले.

तिने वही काढली. तिला विचारायचे होते, यातले नेमके काय चुकले. नेत्रतज्ज्ञांनी चार पाने वाचली.

"लिहिलेलं काही चुकलेलं नाही. असं जेवण आणि डोकं खाली न नेता असा व्यायाम पुढेही चालू ठेवा. पण सांगितलं तेव्हाच इन्सुलिन घेतलं असतं आणि दीड वर्षापूर्वीच डोळे दाखवले असते, तर आज आपण वेगळं बोलत असतो."

भट्टीवाल्यांनी विचारले, "भट्टीवर जाता येईल?"

"भट्टीजवळ नको. भाजाल."

कारखान्यात तिनेच कळवले. मालकाने बरेच गोड बोलून घेतले आणि सोमवारपासून भट्टीला घड्याळ लावतो म्हणाला. ही गोष्ट तिने घरी सांगितली नाही, पण सोमवारी सकाळी आसने आटोपल्यावर, बसल्या बसल्या श्वास मोजता मोजता भट्टीवाल्यांनी मध्येच विचारले, "लावलं का गं?"

ती हो म्हणाली. त्यांनी श्वास पुन्हा एकपासून मोजायला घेतले.

दुपारी त्यांनी स्वतःचे पान वाढून घ्यायचा हट्ट धरला. ओट्याशी उभे राहून बरण्या चाचपल्या, एक उघडली, बोट बुडवून चाटले, झाकण लावले. दुसरी उघडली, चाटले. तिसरीकडे हात गेला तेव्हा तिने तो धरला. ते ओशाळून म्हणाले, "मीठ शोधत होतो." दोघेही तसेच हात धरून थोडा वेळ ओट्याशी उभे राहिले.

संध्याकाळी तिने डायरी उघडली. उपाशीपोटी साखर लिहिली, इन्सुलिनचे युनिट लिहिले, डोळ्यांच्या पुढच्या इंजेक्शनची तारीख लिहिली. मग लिहिले: 'मिठाच्या बरणीच्या गळ्याला जाड दोरा बांधला. साखरेची बरणी शेजारी देऊन टाकली.'