उंबऱ्याबाहेरचा चहा

बंदराच्या चढावर मॉर्वेनाचं दोन खोल्यांचं घर आहे. तिच्या मासेमार बापाने ते कवडीमोलाने घेतलं होतं. लंडनकर सुट्टीसाठी इथे घरं घेऊ लागले आणि किंमत सहा लाख पौंडांवर गेली. मॉर्वेना शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. लग्न केलं नाही. भाऊ समुद्रात बुडाला, तेव्हा त्याची लेक टॅमसिन तिनेच वाढवली.

आपण मेल्यावर घरावर एवढा कर बसेल की टॅमसिनला ते विकावंच लागेल, हे कळल्यावर तिने जिवंतपणीच घर भाचीच्या नावावर केलं. देणारा पुढे सात वर्षं जगला की कर नाही, एवढं तिला ठाऊक होतं. ती जगली. सातवं वर्ष सरलं त्या दिवशी केशराचे पाव घेऊन शेजारी माझ्याकडे आली. "जिंकले गं!"

मग मॉर्वेनाला हृदयाचं दुखणं निघालं, म्हणून टॅमसिन घराचे कागद दाखवायला वकिलाकडे गेली.

"आत्या राहतात कुठे?"

"तिथेच की."

"भाडं देतात?"

टॅमसिनला हसू आलं. "आत्याकडून भाडं घेऊ?"

वकील हसला नाही. देणारा दिलेल्या घरातच फुकट राहिला, तर करापुरतं ते दिलंच नाही असं धरतात. मॉर्वेनाची सात वर्षं अजून सुरूच झाली नव्हती; ती घर सोडेल त्या दिवसापासून मोजणी होणार होती. आता भाडं द्यायचं तर बाजारभावाने, आणि त्याला तिची पेन्शन पुरणार नव्हती.

त्याच आठवड्यात मॉर्वेना ट्रंक घेऊन माझ्या दारात.

"मागची खोली रिकामी आहे ना?"

"अगं, शहाऐंशीची झालीस!"

"मग त्र्याण्णवपर्यंत जगायचं. तुझ्या हातचं खाऊन जमेल का, तेवढं सांग."

टॅमसिन त्या घरात राहायला आली. आत्याने पाहुणी म्हणून यायला हरकत नाही, असं वकिलाने दोनदा सांगितलं. पण मॉर्वेनाचा कशावरच विश्वास उरला नव्हता. दर रविवारी ती उंबऱ्याबाहेर वाऱ्यात उभी राहून चहा प्यायची.

"आत्या, निदान बस तरी!"

"बसून बघितलं ना एकदा."

असं वर्ष गेलं. या फेब्रुवारीत तिच्या छातीत कफ भरला. काल टॅमसिन सूप घेऊन आली आणि पलंगापाशीच रडायला लागली. "खड्ड्यात गेलं ते घर. तू चल माझ्याबरोबर."

मॉर्वेनाला गिळवत नव्हतं. तरी तिने चमचा मागून घेतला.

"अजून सहाच वर्षं राहिलीत," ती म्हणाली, आणि तोंड उघडलं.