कापून टाकलेला नवरदेव

व्हेरोना कुंद्रातला भांडकुदळ म्हणणारे आमच्या गावात पैशाला पासरी मिळतील. मी तिच्या भिंतीला भिंत लावून आयुष्य काढलंय, म्हणून मला बोलायचा हक्क आहे. ती भांडायची, हे खरं. तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही भांडला असता. आमची घरं कोळसा कंपनीने बांधलेली, एका छपराखाली दोन बिऱ्हाडं आणि मध्ये फळ्यांची पातळ भिंत. तिच्या टाइपरायटरचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात येई. तो संथ चालला असला की ती कुणाच्या तरी घराण्याची हकिगत लिहिते आहे, आणि दणादण आपटत असला की कुणाला तरी खरमरीत पत्र चाललंय, हे मला चुलीपाशी उभ्याउभ्या कळायचं.

पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरात आमची माणसं आली ती कार्पेथियन पर्वतातली खेडी सोडून, आणि आल्या आल्या जमिनीखाली गेली. व्हेरोनाचा बापही गेला. ती शाळेत असताना एका मास्तरीणबाईंनी हजेरी घेताना तोंड वेंगाडलं आणि सांगितलं, "हे असलं नाव माझ्याच्याने उच्चारवत नाही. उद्यापासून तू व्हेरा कॉनरॅड." व्हेरोनाने त्या नावाला एकदाही ओ दिली नाही आणि ते वर्ष बहुतेक कोपऱ्यात उभं राहून काढलं. पुढे शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवता शिवता रात्रीच्या वर्गांना जाऊन ती शिकली, आणि त्याच शाळेत इतिहास शिकवायला येऊन बसली. हजेरी घेताना ती प्रत्येक पोराचं नाव त्याच्या आजीने हाक मारावी तसं घ्यायची. पोरं लाजायची. काहींचे आईबाप तक्रार घेऊन यायचे. ती त्यांनाही त्यांच्या खऱ्या नावाने "या, बसा" म्हणायची.

इतिहासाच्या पुस्तकात आमच्या लोकांबद्दल एवढंच होतं, की ते आले आणि इथल्या जीवनात मिसळून गेले. "मिसळून गेले म्हणे!" ती मला कुंपणावरून म्हणाली. "तेक्ला, साखर मिसळते. माणसं कशी मिसळतील?" त्या रविवारपासून ती घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना बोलतं करू लागली. तिची एक रीत होती. इतर लोक विचारतात, कुठून आलात, कोणत्या जहाजाने आलात. ही पहिलाच प्रश्न करायची, "तुमच्या घरात इथे आल्यावर पहिलं कोण गेलं, आणि त्याला आंघोळ कुणी घातली?" लोक दचकायचे, चिडायचे. एकाने तिला हाकलूनही दिलं. पण ती म्हणायची, जहाजाबद्दल माणूस थापा मारतो, याबद्दल मारत नाही. खाणावळ चालवणाऱ्या आमच्या बायांवर तिने लिहिलेलं पुस्तक निघालं, तेव्हा लांबलांबच्या कॉलेजांतले प्राध्यापक तिच्या कोचावर मुक्कामाला यायला लागले.

आता त्या फोटोचं सांगते. ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

१९७६ साली आमच्या चर्चला पंच्याहत्तर वर्षं झाली. जुबिलीचं जाडजूड पुस्तक काढायचं ठरलं आणि समितीचा अध्यक्ष झाला जॉर्ज साबोल. दातांचा डॉक्टर. आमच्याच गल्लीत नाक पुसत वाढलेला, आता टेकडीवरच्या घरात राहणारा. व्हेरोनाने समितीला जुने फोटो दिले, आणि त्यांत तिच्या आईचा तो एक होता.

तिची आई झुझाना. १९११ साली ती सोळा वर्षांची होती आणि तिच्या आईकडे बारा गडी जेवायला-राहायला होते. त्यांतला एक श्तेफान लुकाचिक. एकोणीस वर्षांचा, आगापिछा सगळा समुद्रापलीकडे. खाणीचं छत त्याच्या अंगावर आलं. कंपनीच्या गाडीने मढं आणलं, ओट्यावर ठेवलं आणि गाडी निघून गेली. दार ठोठावायचीसुद्धा तसदी नाही! आमच्यात बिनलग्नाचा पोरगा गेला तर त्याला तसा पाठवत नाहीत. त्याला नवरदेव करतात, छातीवर रोझमेरीची डहाळी लावतात, आणि एखादी कुमारिका डोक्यावर फुलांचा मुकुट अन् जाळी घालून त्याची नवरी म्हणून शवपेटीपाशी उभी राहते. श्तेफानची नवरी झुझाना झाली. शहरातून फोटोवाला बोलावला. खाली उघड्या पेटीत श्तेफान, मागे नवरीच्या वेशात झुझाना, तिच्या शेजारी पेटती मेणबत्ती धरून मिश्को हारवान नावाचा दुसरा गडी, आणि भोवती बाकीचे. एक प्रत पोराच्या आईला गावी गेली, एक झुझानाकडे राहिली.

पुढे कबरस्तानाचा खालचा कोपरा जुन्या खाणीत खचला. त्यात श्तेफानची कबर गेली. म्हणजे तो अमेरिकेत आला होता, जगला होता, मेला होता, याला त्या फोटोशिवाय काहीही पुरावा उरला नव्हता. हे सगळं व्हेरोनाने टाइप करून फोटोच्या मागे चिकटवलं होतं.

पुस्तक आलं तेव्हा मी आणि झुझाना चर्चच्या तळघरात पिरोही करत होतो. गुरुवारी बाया जमतात, पिठाच्या पारीत बटाटा-चीजचं सारण भरतात, विकतात, त्यावर चर्चची चूल पेटते. मिश्को हारवानची मुलगी आयरिन नवं पुस्तक काखोटीला मारून आली आणि जिन्यावरूनच ओरडली, "अगं सरका गं, जागा द्या! आमच्या बापाची पहिली बायको बसलीय इथं!"

बाया हसल्या. झुझानाला काही कळेना.

"काय बडबडतेस गं?" मी म्हटलं.

"मी नाही बडबडत, पुस्तक बडबडतंय. आमच्या आईला मरेपर्यंत पत्ता लागू दिला नाहीत, झुझानाकाकू! शाब्बास तुमची!"

तिने पान उघडून टेबलावर आपटलं. पानभर मोठा फोटो. झुझाना नवरीच्या वेशात, शेजारी मेणबत्ती घेऊन मिश्को. आणि त्यांच्या कमरेखाली काहीच नाही. फोटो तिथेच कापलेला. खाली मजकूर: 'आपल्या चर्चमधलं एक जुनं लग्न, १९११. नवरी झुझाना, नवरदेव मिश्को हारवान. त्या काळी फोटोत हसण्याची पद्धत नव्हती.'

झुझानाने हाताचं पीठ पुसलं. बोट फोटोच्या खालच्या कडेवर ठेवलं, मग कडेच्या खाली टेबलावर नेलं.

"श्तेफान कुठंय?" तिने विचारलं.

आयरिनलाही कळलं, कारण तिचा बाप दरवर्षी त्या पोरासाठी मेणबत्ती लावायचा. ती मटकन बाकावर बसली. "काकू, मला वाटलं..." एवढं म्हणून तिने तोंडावर ॲप्रन घेतला.

मी घरी येऊन व्हेरोनाला पान दाखवलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती पांढरीफटक पडली, कोट घातला आणि निघाली. मी मागोमाग. साबोलच्या दवाखान्यात कुणीतरी खुर्चीत आ वासून पडलं होतं, तशात ती आत घुसली.

"पेटी कुणी कापली?"

"व्हेरोना, पेशंट आहे—"

"असू दे. त्यालाही ऐकू दे. पेटी कुणी कापली?"

साबोलने हातातला चिमटा ठेवला आणि आम्हाला बाहेरच्या खोलीत आणलं. तो म्हणाला, पेटी त्याने कापायला लावली. बिशप येणार, लहान मुलं पुस्तक बघणार, जुबिलीच्या पुस्तकात प्रेत कसं चालेल? आणि मजकूर लिहिणाऱ्या मुलीला कापलेलाच फोटो मिळाला. नवरी दिसली, शेजारी पुरुष दिसला, तिने लग्न समजून लिहिलं. मागचा कागद कुणी उलटून पाहिला नव्हता.

"चूक झाली, मान्य," तो म्हणाला. "पण आता बांधणी होऊन गेलीय. आणि कुणाला कळणार आहे?"

"माझ्या आईला कळतंय."

"अगं, आजींची छान तर दिसतेय छबी! हे बघ, माझा बाप खोकून खोकून काळं थुंकत मेला. मी ते बघितलंय. माझ्या नातवंडांनी का बघावं? किती दिवस आपण मढी मिरवायची? एक पुस्तक तरी आनंदाचं असू दे."

मला क्षणभर त्याची कीव आली. पण राग त्याहून मोठा होता. त्याला उपटायची सवय, म्हणून जे दुखतं ते उपटून मोकळा झाला.

"जॉर्ज," व्हेरोना म्हणाली, "कंपनीने त्याला ओट्यावर टाकलं, पण निदान टाकलं तरी. तू तेही केलं नाहीस. एक चिठ्ठी छाप. प्रत्येक पुस्तकात चिकटवू. मी चिकटवते."

"जुबिलीच्या पुस्तकात चुकांची चिठ्ठी? बिशपसमोर? नाही."

त्या रात्री टाइपरायटर दणादणसुद्धा वाजला नाही. ती नुसती बसून होती, हे शांततेवरून मला कळत होतं, आणि ते मला सहन होईना.

साबोलला मन खात असावं, किंवा गावात कुजबुज वाढली असावी. त्याने निरोप धाडला, की जुबिलीच्या जेवणाला झुझानाआजींचा 'आपल्या चर्चची सर्वांत जुनी नवरी' म्हणून मंचावर सत्कार करू. व्हेरोना भडकली. पण झुझानाने येते म्हणून कळवूनही टाकलं होतं. मग भिंतीपलीकडे जे भांडण झालं ते ऐकायला मला भिंतीला कान लावावा लागला नाही.

"तू गेलीस तर ते खोटं खरं होईल, आई! एवढं कळत नाही तुला? आयुष्यभर मी काय करतेय मग?"

"जाणार आहे मी."

"त्यांच्या हारतुऱ्यासाठी?"

"ओरडू नकोस. मला इंग्रजी येत नाही, त्यांच्या पोरांना आपलं बोलणं येत नाही. तू चल आणि मी बोलेन ते सांग त्यांना. जसंच्या तसं सांग. तुझ्या पुस्तकातलं त्यात घालू नकोस."

"काय बोलणार आहेस?"

"विचारतील त्याचं उत्तर देईन."

हॉल भरला होता. बिशप मधोमध, पुढच्या टेबलांवर आमच्यासारख्या म्हाताऱ्या, मागे शहरांतून आलेली मुलं-नातवंडं. कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा-भात खाऊन सगळे खुशीत होते. साबोलने झुझानाला हात धरून मंचावर नेलं, फुलं दिली. पडद्यावर तो कापलेला फोटो भिंतभर झळकला. टाळ्या पडल्या. व्हेरोना आईशेजारी दात आवळून उभी होती. आई आता त्यांना सामील झाली, असंच तिला वाटत होतं. ते तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि खरं सांगते, मलाही झुझानाचा राग आला होता.

साबोल हसत माइकवर वाकला. "आजी, इतक्या वर्षांनी आता सांगून टाका! त्या दिवशी नवरदेव तुमच्या कानात काय म्हणाला?"

लोक खदखदून हसले. व्हेरोनाने प्रश्न आमच्या बोलीत सांगितला. झुझाना आमच्या बोलीतच उत्तरली, हळू आवाजात, आणि पुढच्या टेबलांवरचं हसू बंद पडलं. मागचे अजून हसतच होते. ते इंग्रजीची वाट बघत होते. व्हेरोना आईकडेच बघत राहिली.

"सांग," झुझाना म्हणाली. "एवढी शाळेत शिकवतेस, सांग."

व्हेरोनाने माइक घेतला. "ती म्हणते, काही म्हणाला नाही. त्याच्या तोंडात कोळसा भरला होता. मी बोटाने काढला."

हॉलमध्ये काटे-चमचे थांबले. झुझाना एकेक वाक्य बोलत गेली आणि व्हेरोना ते तसंच देत गेली, स्वतःचा एक शब्द न घालता.

"तो माझ्या पुढ्यात पेटीत निजला होता. तुम्ही कापलात तिथे. मिश्को नवरा नव्हता, तो रडत होता, म्हणून त्याच्या हातात मेणबत्ती दिली. या पोराने छताला टेकू द्यायला लाकूड मागितलं होतं. मुकादमाने दिलं नाही. त्याची आई गावी वाट बघत होती. पोरगा तसाच गेला नाही, कुणीतरी त्याच्या शेजारी उभं राहिलं होतं, हे तिला दिसावं म्हणून मी हा फोटो काढला. तुम्हाला छान दिसावं म्हणून नाही."

साबोलचा चेहरा घामाने डबडबला होता. "आभारी आहोत, आजी," असं काहीतरी पुटपुटत त्याने माइककडे हात नेला. झुझानाने त्याचं मनगट धरलं. आयुष्यभर धुण्यापाण्यात मुरलेला तो हात, सुटतो कसला!

"नाव घे त्याचं," ती म्हणाली. व्हेरोनाने तेही इंग्रजीत सांगितलं.

"आजी, प्लीज..."

"नाव घे."

"श्तेफान," व्हेरोना त्याला म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "श्तेफान लुकाचिक."

साबोल खाली बघत ते नाव ओठांतल्या ओठांत बोलला.

झुझानाने मनगट सोडलं नाही. "मोठ्यानं," ती म्हणाली. "त्याची आई लांब राहते."