सलाईन की सुई

रावेर–जळगाव एसटीत चारुलताने ‘चला, पुढे सरका’ असा आवाज दिला की सगळी गाडी सरकायची. फैजपूरच्या बाजाराला निघालेल्या बाया टोपल्यांसकट सरकायच्या, कॉलेजची पोरं सरकायची, दारात रेलून उभा असलेला गावपुढारीही मुकाट्याने आत यायचा. आणि हीच बाई ड्यूटी संपवून घरात शिरली की तिला कोणी हिंग लावून विचारत नसे. निदान तिच्या पोटाच्या बाबतीत तरी नाहीच. ते पोट तिचं एकटीचं राहिलंच नव्हतं, साऱ्या भावकीचं झालं होतं.

दुखणं होतं मोठ्या आतड्याच्या सुजेचं. बरं असलं की महिनोन्‌महिने काही नाही, आणि उलटलं की दिवसभर पळापळ, वर रक्त. कंडक्टरला हे दुखणं म्हणजे शिक्षाच. सावद्याला कुठल्या हॉटेलच्या मागे संडास आहे, भुसावळला कुठला नळ चालू असतो, हे तिला तिकिटाच्या दरांइतकं पाठ झालं होतं. एकदा गाडी भर उन्हात केळीच्या बागांमध्ये थांबवावी लागली आणि पन्नास माणसं खिडक्यांतून नको तिकडे बघत राहिली. ती गोष्ट आठवली की अजूनही तिच्या कानाच्या पाळ्या तापत. त्यानंतर आगारातल्या साहेबांनी फार गोड आवाजात सांगितलं होतं, “बाई, पुन्हा त्रास झाला तर तुम्हाला ऑफिसात हलकं काम देऊ.” हलकं काम म्हणजे खिडकी नसलेल्या खोलीत कागद चिकटवत बसायचं. चारुलताला तिकिटांचं मशीन गळ्यात अडकवून गाडीत उभं राहायचं होतं. तिला एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी पोट ताब्यात राहायला हवं होतं.

गोळ्यांनी भागेना तेव्हा जळगावच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक औषध शिरेतून, सलाईनसारखं, दर दोन महिन्यांनी दवाखान्यात दोन-तीन तास बसून घ्यायचं. दुसरं पेनासारखं इंजेक्शन, दर पंधरवड्याला घरीच मांडीत टोचायचं. “दोन्ही चांगली आहेत,” डॉक्टर म्हणाले, “तुम्हाला काय सोयीचं पडेल ते सांगा.”

तिने तोंड उघडायच्या आत सासूबाई मंजुळाबाई म्हणाल्या, “सलाईनच लावा. सलाईनशिवाय अंगात ताकद येत नाही.”

पहिली खेप सलाईनची झाली ती अशी. आणि ती खेप म्हणजे जत्रा. आपल्याकडे माणसाला सलाईन लागलं की बघायला जावंच लागतं, नाही गेलं तर वर्षभर बोलणी खावी लागतात. भाड्याची गाडी करून सासर आलं, वरणगावहून माहेर आलं. शहाळी आली, बिस्किटांचे पुडे आले, आणि प्रत्येकाने खाटेशी उभं राहून “व माय, किती वाळली!” असं एकदा म्हटलंच. चुलत सासूने तर डोळ्याला पदर लावला. नर्सने दोनदा हाकललं, तर मंडळी पलीकडच्या दाराने परत आत. दर खेपेला हाच प्रकार. औषध लागू पडत होतं, पण औषधाच्या दिवशी चारुलताला ड्यूटीपेक्षा जास्त थकवा येई.

शेवटी ती वैतागली. “मला इंजेक्शनच द्या,” तिने डॉक्टरांना सांगितलं, “घरच्या घरी. म्हणजे कोणाला कळणार नाही.”

कोणाला कळणार नाही! घरात फ्रीज एक, आणि त्यावर राज्य मंजुळाबाईंचं. ज्या दिवशी पेनांचा डबा आत गेला त्याच दिवशी गल्लीभर झालं. इंजेक्शनच्या दिवशी मंजुळाबाई स्वतः पेन हातात आणून ठेवत आणि समोर बसून विचारत, “दुखलं का?” सासरे तोताराम आबा दारातून विचारत, “झालं का वं बाई?” नवरा जितेंद्र मोबाईलवर व्हिडिओ लावून सांगे, “अगं, असं धर, तिरकं नको.” चारुलता दातओठ आवळून बटण दाबे आणि खोटंच हसे. टोचायच्या आधी पेन अर्धा तास फ्रीजबाहेर ठेवायचं असतं, त्यामुळे ते थंडगार लागलं नाही तरी शंका येण्याचं कारण नव्हतं.

आणि दोन-अडीच महिन्यांत पोट पुन्हा उलटलं. रक्त, पळापळ, सावद्याच्या हॉटेलवाल्याचं तेच ओशाळं हसू. आगारातून निरोप आला, दोन दिवसांत येऊन भेटा.

डॉक्टरांच्या केबिनमध्ये बसायला दोनच खुर्च्या होत्या आणि माणसं शिरली सहा. चारुलता, जितेंद्र, मंजुळाबाई, आबा, शिवाय चुलत सासू आणि तिची सून, कारण गाडीत जागा होती.

डॉक्टर रिपोर्ट चाळत म्हणाले, “नवल आहे. इंजेक्शन वेळेवर घेतलं ना? नीट फ्रीजमध्ये होतं?”

“फ्रीजमधी?” आबा छाती फुगवून पुढे आले. तोताराम आबांची हयात केळीत गेली होती, आणि आता जितेंद्र काम करायचा त्याच केळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ते देखरेखीला बसत. “अहो डाक्टर, घरच्या फ्रीजचा काय भरोसा? लाईट दिवसातून चारदा जाते. अन् फ्रीजमधी केळं ठेवलं तर काळं पडते, मंग एवढं नाजूक औषध टिकीन का? म्या पह्यल्याच दिवशी आतले पेन काढून नेले अन् कोल्ड स्टोरेजमधी ठेवले, रिकामा डबा तेवढा फ्रीजमधी राहू दिला. तिथं जनरेटर हाये. तेरा डिग्री, एक काटा इकडं-तिकडं नाही. टोचायच्या दिवशी सकायी एक आणून डब्यात ठेवतो.”

डॉक्टरांनी हातातला रिपोर्ट खाली ठेवला.

“आबा,” ते हळू म्हणाले, “हे औषध दोन ते आठ डिग्रीत ठेवायचं असतं. थोडे दिवस बाहेर राहिलं तर चालतं, पण असे महिने नाही. ते वाया गेलं असणार.”

आबांचा चेहरा पडला. केळीला पुरते ती थंडी औषधाला पुरत नाही, हे त्यांना जन्मात कोणी सांगितलं नव्हतं. पण वाईट वाटून घ्यायला त्यांना वेळच मिळाला नाही. जितेंद्र बापावर ओरडला. मंजुळाबाई जितेंद्रवर ओरडल्या, “तू तिथंच काम करतो ना, तुले दिसलं नाही?” मग त्या डॉक्टरांकडे वळल्या, “म्हणून म्हणत होते, सलाईनच पाहिजे.” चुलत सासू म्हणाली, तिच्या भाच्याला नाशिकला कोणीतरी काढा दिला होता. तिच्या सुनेने तो काढ्यावाला लगेच मोबाईलवर शोधायला घेतला. डॉक्टर एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत राहिले.

चारुलताच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं.

“चला!” तिचा गाडीतला आवाज त्या चिमुकल्या केबिनमध्ये घुमला. “दाराजवळचे आधी उतरा! मधे थांबू नका! सामान आपापलं घ्या! चला, चला, चला!”

आणि काय सांगावं, मंडळी उतरली. चुलत सासू शहाळ्याच्या पिशवीसकट उतरली, सून उतरली, मंजुळाबाई तोंडातलं वाक्य अर्धं सोडून उतरल्या. आबा सगळ्यांच्या शेवटी, मान खाली घालून. जितेंद्र घुटमळला, तर तिने नुसतं दाराकडे बोट केलं. तोही गेला.

दार लागलं. “बोला,” डॉक्टर म्हणाले. “दोन्ही वाटा अजून मोकळ्या आहेत.”

आणि चारुलताला बोलता येईना. इतके महिने ती एवढ्याचसाठी भांडत होती, की मला विचारा. आता विचारलं होतं, तर आत शोधून सापडत होता तो नुसता इतरांवरचा राग. सलाईन नको होतं ते गर्दीमुळे. सुई हवी होती ती गर्दी टाळायला. तिला स्वतःला काय हवं, हा प्रश्न तिनेही स्वतःला कधी विचारला नव्हता. तिला एकदम रडू आलं.

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि ते गप्प राहिले. फार दिवसांनी कोणीतरी तिच्यासमोर गप्प बसलं होतं.

“मला सुईची भीती वाटते,” ती शेवटी म्हणाली. “लहानपणापासून. माझ्या हाताने टोचायचं म्हणजे आदल्या रात्री झोप लागत नाही. मी कोणाला सांगितलं नाही. आणि सलाईनची सुई दुसरं कोणी लावतं, मी डोळे मिटून घेते. नंतर ती खुर्ची असते ना, मागे कलणारी, तिच्यात बसलं की उठायचं नसतं. मला तेच आवडायचं, डॉक्टर. नुसतं बसून राहणं. मला सलाईन हवं. पण एकटीला.”

“मग ठरलं,” डॉक्टर म्हणाले. आगाराला दाखवायला त्यांनी चिठ्ठीही दिली, की औषध पुन्हा नीट सुरू होतंय, थोडा वेळ द्या, ड्यूटी बदलू नका.

ती बाहेर आली तेव्हा सगळे भिंतीला टेकून उभे होते.

“काय ठरलं?” जितेंद्रने विचारलं.

“सलाईन.”

“मी म्हणतच होते!” मंजुळाबाईंनी टाळी दिली ती थेट चुलत सासूच्या हातावर. “पह्यल्यापासून म्हणत होते! माझं आधीच ऐकलं असतं तर?”

चारुलताने तोंड उघडलं. हे तुमचं नाही, माझं आहे, मी ठरवलंय, हे तिला चारचौघांत ओरडून सांगायचं होतं. पण ते समजावता समजावता रावेर आलं असतं, तरी पटलं नसतं. तिने तोंड मिटलं. “पण सोबत कोणी येणार नाही,” एवढंच म्हणाली, “आणि गाडीही करायची नाही.” यावर घरी परतेपर्यंत सगळे तिच्यावर रुसून बसले, फक्त आबा सोडून. आबा खिडकीशी बसून एकदाच म्हणाले, “जाऊ द्या तिले.”

सलाईनच्या दिवशी ती पहाटेच्या गाडीने निघाली, प्रवासी म्हणून, खिडकीशी. दवाखान्यात नर्सने विचारलं, “सोबत कोण?”

“कोणी नाही,” चारुलता इतक्या समाधानाने म्हणाली की नर्सने मान वर करून तिच्याकडे बघितलं.

औषध थेंब थेंब सुरू झालं आणि फोन वाजला. मंजुळाबाई.

“लागलं का सलाईन? बरं वाटते ना? मी म्हणतच होते.”

“हो आई,” चारुलता म्हणाली, “तुम्ही म्हणतच होता.”

तिने फोन बंद केला, खुर्ची मागे कलवली आणि डोळे मिटले. औषध संपेपर्यंत ती झोपली. तिला कोणी उठवलं नाही.