तिसऱ्या मजल्यावरचं पोवळं

गुणाजी कुबल आमच्या इमारतीत राहायला आला, तेव्हा त्याच्याशी पहिलं भांडण मीच काढलं. बोरीवली पूर्वेची आमची इमारत, तिसरा मजला, सगळ्या खोल्यांना मिळून एक लांब गॅलरी. त्या गॅलरीत, अगदी माझ्या दाराला चिकटून, या गृहस्थाने दोन मोठी निळी पिंपं आणून ठेवली. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर. दिवसभर कानात लोकांची बोंबाबोंब घेऊन घरी यायचं आणि दारात पिंपाला गुडघा आपटायचा, हे मी का सहन करावं?

"काय आहे यात?" मी विचारलं.

"समुद्राचं पाणी, नीलाताई," तो म्हणाला. घरात तांदूळ आहेत म्हणावं, इतक्या सहज.

"आणि ते कशाला?"

"पावसाळ्यासाठी. एकदा पाऊस लागला ना, की गोराईचं पाणी गढूळ होतं, त्यातलं मीठही उतरतं. म्हणून मे महिन्यातच भरून ठेवतो."

लोक पावसाळ्यासाठी पापड, कुरडया, फार तर सुके बोंबील साठवतात. हा समुद्र साठवत होता. मला राग आला होता तो आलाच, पण कुतूहलही वाटलं, आणि कुतूहल वाटलं की माझं भांडण लंगडं पडतं. मी त्याच्या खोलीत डोकावले. तिथून पुढे तीन वर्षं मी रोज डोकावत राहिले.

गुणाजी मालवणजवळच्या देवबागचा. परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. संपात गिरणी गेली, तशी बायकोला घेऊन इकडे आला आणि कांदिवलीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला. मधल्या रिकाम्या महिन्यांत त्याला घरात बसवेना. सकाळी उठून तो गोराईकडे जायचा, ओहोटीला उघडे पडलेले खडक बघत बसायचा. एक दिवस खडकाचा एक तुकडा बादलीतून घरी आला. त्यावर बटणाएवढी हिरवी-तपकिरी फुलं होती आणि ती फुलं नव्हती, जिवंत प्राणी होते. बोट नेलं की मिटायची. झालं, गुणाजीला वेड लागलं.

मी पाहिली तेव्हा त्याची काचेची टाकी चांगली कॉटएवढी लांब होती. लोखंडी सांगाडा त्याने स्वतः जोडलेला. तळाशी भोकं पाडलेली प्लास्टिकची जाळी, तिच्यावर कुटलेल्या शिंपल्यांचा थर, आणि पंपाच्या हवेने पाणी त्या थरातून सारखं खाली-वर फिरायचं. "घाण खाणारे बारीक जीव त्या थरात राहतात," तो सांगायचा, "ते मेले तर सगळे मेले." वर दोन ट्यूबलाइट. आत समुद्रफुलं, दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड केलेले खेकडे, पट्ट्यापट्ट्यांचे चिमुकले मासे, काचेसारखी आरपार दिसणारी कोलंबी. मधोमध, सगळ्यात मानाच्या जागी, पोवळं.

अंगठीत घालतात ते नव्हे. हे जिवंत, मुठीएवढं, सोनेरी-तपकिरी, मधमाशांच्या पोळ्यासारखं. मालवणला कुणाच्या तरी जाळ्यात अडकून तुटलं होतं. गुणाजीने ते दुधाच्या कॅनमध्ये समुद्राच्या पाण्यात ठेवलं आणि एसटीने मुंबईला आणलं. कॅन रात्रभर मांडीवर. गाडी जिथे थांबेल तिथे लोक चहा प्यायला उतरायचे आणि हा सायकलच्या पंपाने कॅनमध्ये हवा भरायचा. कंडक्टरने विचारलं, आत काय आहे? हा म्हणाला, पेशंट आहे. एसटीत यावर कुणी हसलं नाही म्हणे, सगळ्यांनी काळजीनेच विचारपूस केली.

त्या पोवळ्यावर संध्याकाळी बारीक बारीक बोटं फुलायची. प्रत्येक बोटाच्या टोकाला हिरवट ठिपका, आणि सगळं पाण्याबरोबर डोलायचं. आमच्या मजल्यावर दत्तारामकडे नवाकोरा रंगीत टीव्ही होता, तरी पोरंटोरं, म्हातारेकोतारे कुबलांच्या दारात गोळा व्हायचे. दत्ताराम स्वतःसुद्धा यायचा.

एक माणूस तेवढं त्या टाकीकडे ढुंकून बघत नव्हतं. सुगंधा, गुणाजीची बायको.

सुगंधा माझी मैत्रीण. अंगाने बारीक, जिभेने तिखट. तिची तक्रार खरी होती. बाजारातून आणलेल्या कोलंबीतली निवडक कोलंबी आधी वाटून पोवळ्याला जायची, उरलेली हिच्या कालवणाला. मे महिन्यात टाकीचं पाणी तापू नये म्हणून घरातला एकुलता एक टेबलफॅन पाण्यावर वारा घालायचा आणि ही घामाने निथळत भाकऱ्या थापायची. त्या वाऱ्याने पाणी उडायचं, मीठ मागे राहायचं, म्हणून गुणाजी रोज मोजून गोडं पाणी ओतायचा. आधी बोट बुडवून चव घ्यायचा. टाकीतलं पाणी चाखणारा नवरा बघून ती कपाळावर हात मारायची. कुणी विचारलं, गुणाजी कुठे आहे, तर म्हणायची, "माका कित्या इचारतात? माज्या सवतीक इचारा!"

गुणाजी हसायचा. पण मी बघत होते ना, त्याला ते लागायचं. सगळा मजला वाहवा करायचा आणि त्याची नजर मात्र स्वयंपाकाच्या ओट्याकडे वळायची, तिने बघितलं का म्हणून.

मग ती नारळी पौर्णिमा आली. सत्याऐंशी सालची असावी. सुगंधा माहेरची तारकर्लीची. या दिवशी समुद्राला नारळ दिल्याशिवाय तिच्या माहेरी कुणी जेवत नसे, आणि मुंबईत आल्यावरही ती दरवर्षी कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर जाऊन नारळ देऊन यायची. त्या वर्षी सकाळपासून पाऊस असा कोसळत होता की गोराईची होडी बंद. मी ड्यूटीवरून परतले तर सुगंधाने मला हाताला धरून आत नेलं आणि नारळीभाताची वाटी पुढे केली. चेहरा खुललेला.

"दिलास नारळ? कुठे गेलीस एवढ्या पावसात?"

"समुद्र घरात आसताना भायेर कित्या जाऊ?" ती म्हणाली.

तिने टाकीची पूजा केली होती! हळदीकुंकवाची चिमूट, नारळाचा पाण्याला स्पर्श, हात जोडून गाऱ्हाणं, सगळं साग्रसंगीत. गुणाजी कामावरून आला, त्याने पाण्यावरची हळद बघितली, आणि तिने मोठ्या ऐटीत सांगितलं, "आज तुमच्या समुद्राक नारळ दिलंय." हा बाप्या उभ्याउभ्या लाजला. लग्नातसुद्धा इतका लाजला नसेल. मी भात खाता खाता पोटभर हसले. असं गोड घर त्या दिवशी अख्ख्या बोरीवलीत दुसरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोवळं उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी समुद्रफुलं आक्रसून गोट्यांसारखी झाली. शंखातले खेकडे वर काचेला चढू लागले, जणू बाहेर पडायची वाट शोधत होते. गुणाजीला वाटलं, कुंकवातल्या रंगाने झालं असेल. त्याने नळीने तळाची घाण ओढून काढली, गॅलरीतल्या एका पिंपाचं पाणी घातलं. एक दिवस जरा बरं वाटलं. मग पुन्हा सगळं मिटलं. दुसरं पिंप घातलं. पुन्हा तेच. पोवळ्याची कड पांढरी पडायला लागली. आता पिंपं रिकामी, आणि बाहेर श्रावण धो धो.

सुगंधा विचारायची, काय झालं हो? तो म्हणायचा, "काय नाय गो. पाणी जुना झाला. माजीच चूक."

मला संताप आला. त्याला गॅलरीत गाठून मी म्हटलं, "अहो गुणाजी, तिला सरळ सांगा ना, पूजेनंतर बिघडलं म्हणून. ती काय लहान आहे?" तो रिकामं पिंप कलतं करून आत बघायला लागला. जेवण सुटलं होतं त्याचं. कामावरून आला की टाकीसमोर बसायचा आणि बसून राहायचा.

रविवारी सकाळी सुगंधा काच पुसत होती. तोवर तिने त्या काचेला कधी हात लावला नव्हता; नवऱ्याचा चेहरा बघवेना म्हणून फडकं घेऊन बसली होती. मी तिथेच चहा पीत होते. पुसता पुसता तिचा हात थांबला. पोवळ्याच्या बुडाशी, शिंपल्यांच्या थरात, काहीतरी हिरवंगार दिसत होतं. तिने बाही सारून कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढला तो भोकाचा पैसा, तिच्या आईने दिलेला, जुन्या राजाच्या वेळचा, तांब्याचा. आता त्यावर हिरवा गंज चढला होता.

"माजो पैसो," ती म्हणाली. "समुद्राक दिल्लंय मी."

गुणाजीचा चेहरा पांढराफटक. तांबं म्हणजे या जिवांना विषच. त्याने तिला पहिल्या दिवसापासून बजावलं होतं, टाकीजवळ तांब्या-पितळेचं भांडं आणायचं नाही. तिने ते शब्दशः पाळलं होतं. पूजेला तांब्याही स्टीलचा घेतला होता. पैसा काही भांडं नाही. समुद्राला पैसा द्यायचा तर तो तांब्याचाच द्यायचा, हे तिच्या आईने शिकवलेलं.

ती त्याच्याकडे वळली. "पूजेन झाला ता तुमका ठावक होता?"

"पैशाचा नाय ठावक. कुंकवाचा वाटला."

"मग बोलूक काय झाला तुमका?"

गुणाजी खाली बघून म्हणाला, "तू पयल्यांदाच तेका समुद्र म्हटलंस. माका वाटला, बोललो तर परत टाकी म्हणशीत."

मी कप खाली ठेवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू? सुगंधाच्या मात्र नाही आलं. ती पदर खोचून उभी राहिली. "नीला, तुझे कॅन काढ. दत्तारामाक हाक मार. भरती कधी आसा आज?"

आणि मग आमची वरात निघाली. दत्ताराम, त्याची बायको मीरा, मी, कुबल नवराबायको, आणि प्रत्येकाच्या हातात रॉकेलचा वास नसलेला मिळेल तो कॅन. नशिबाने पावसाने उघडीप दिली होती आणि होडी सुरू होती. खाडी ओलांडून पलीकडे टांगा केला. टांगेवाल्याने विचारलं, पिकनिकला रिकामे कॅन? मीरा म्हणाली, भरून आणायचेत. त्याने आम्हाला दारूवाले समजून आदराने बसवलं.

ऐन भरतीला, लाटा उंच असताना, सुगंधा कमरेएवढ्या पाण्यात शिरली. गुणाजी काठावरून ओरडतोय, पुढे जाऊ नको, आणि ही दर्याची लेक पुढेच. कॅन भरला की प्रत्येकाने चव घ्यायची. कालवणात मीठ किती यावर होतो तसा वाद झाला. दत्ताराम म्हणे ठीक, मीरा म्हणे अळणी. सुगंधाने ओंजळ तोंडाला लावली आणि निकाल दिला, पातळ आहे, घरी गेल्यावर थोडं खडेमीठ घालावं लागेल. गुणाजीने मुकाट्याने मान डोलावली. मला इतकं हसू येत होतं की माझा कॅन दोनदा लवंडला.

घरी सुगंधाच्या जुन्या लुगड्याच्या चौपदरी घडीतून पाणी गाळलं, पिंपात निवळू दिलं. शिंपल्यांचा थर हलक्या हाताने खंगाळला, आतला प्रत्येक दगड त्याच पाण्याने धुतला. पुढचे काही दिवस रोज थोडं जुनं पाणी काढायचं आणि थोडं नवं घालायचं, असं चाललं. हे काम आता ती करत होती. गुणाजीला नुसती नळी धरायला मिळायची. खेकडे काचेवरून खाली उतरले. समुद्रफुलांनी एकेक हात बाहेर काढला. पोवळं तेवढं मिटलेलं होतं, आणि गुणाजी म्हणायचा, आता तेचा काय खरा नाय.

एक दिवस तो पहिल्या पाळीवरून येऊन आडवा झाला होता. दिवेलागणीची वेळ. मी गॅलरीत उभी होते. आतून सुगंधा कोलंबी वाटत असल्याचा आवाज येत होता. तो एकदम थांबला, आणि मग ती ओरडली, "गुणाजी!"

मला वाटलं, दुसरंच कुणीतरी ओरडलं. आमच्याकडच्या बायका आता सर्रास घेतात नावं, पण सुगंधा? तिच्या तोंडून नवऱ्याचं नाव मी फक्त उखाण्यात ऐकलं होतं, तेही आग्रह करकरून. एरवी तो "अवो", नाहीतर "ह्ये", नाहीतर नुसता खोकला. आणि आता अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात, वाटणाचे हात तसेच घेऊन, ती पुन्हा ओरडत होती, "गुणाजी! उठ रे! उघडला, उघडला!"

तो उठला, आणि पोवळ्याकडे न बघता तिच्याकडेच बघत राहिला.